गैरआबाद लिहिलेली वस्ती

बापूसाहेबांनी लक्ष्मी गेटजवळच्या आपल्या घरात मला खोली दिली, पंगतीला बसवलं, आपल्याच ऑफिसात काम मिळवून दिलं — हे आधी सांगतो. नववीत शाळा सोडून सांगोल्याहून इथवर आलेल्या मला झाशीत दुसरं कोण विचारणार होतं? पुढचं मात्र आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनाही नाही.

काम सरकारी अनुदानाचं. बुडत चाललेल्या विणकर वस्त्यांना नवे माग आणि सूत मिळणार होतं. गावोगाव जायचं, घरं बघायची, दारावर गेरूने आकडा घालायचा. आकडा नाही त्या घराला काही नाही. एवढंच काम — आणि तेही मी...

टहरौलीच्या पुढची एक वस्ती. भर दुपार. लांबूनच मागांची खटखट ऐकू येत होती. मी हाक मारली, आणि एकेक माग थांबत गेला, पार शेवटच्या घरापर्यंत. गल्लीत माणूस नाही. दारं आतून लावलेली, फटींत डोळे. पुरुष बाजाराला गेले की परक्याच्या हाकेला तिथल्या बायका माग थांबवून गप्प राहतात, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा घरं रिकामी आहेत असं मला खरंच वाटलं का? नाही. एका दारामागून कोण आहे विचारणारा म्हातारीचा आवाज आला होता, अगदी स्पष्ट — "को आय, भैया? पानी पी ल्यो."

मी पळालो. बसमध्ये बसून यादीत लिहिलं — गैरआबाद. म्हणजे इथे कोणी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. पण घाबरून पळालो हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

यादीखाली बापूसाहेबांची सही लागायची. "एकदा तपासून घ्या ना," मी म्हटलं.

"अरे भैया, तू आपल्या घरचा. तुझं काय तपासायचं? चहा घे, थंड होतोय."

मी चहा प्यालो.

आजूबाजूच्या गावांना माग मिळाले. दोन वर्षांनी मी त्या वस्तीत गेलो — का गेलो, ठाऊक नाही. दारांना कुलपं. एक दार उघडं होतं, आत मागाच्या खड्ड्यात पालापाचोळा साठलेला. रस्त्यावरचा चहावाला माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सब सूरत निकल गए, बाबूजी. कागज में तो पहले ही निकल चुके थे."

मी पुन्हा वस्तीत जाऊन उभा राहिलो. आता एकाही फटीत डोळा नव्हता, तरी त्या दारांकडे पाठ करायला धीर होईना. मी लिहिलं होतं तसंच झालं होतं सगळं — घर न् घर.

बापूसाहेब आता निवृत्त आहेत. दिसत नाही फारसं, म्हणून सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. एक दिवस पेपर बाजूला ठेवून मी लिहिलेली ही पानं वाचेन. त्यांनी माझ्यासाठी केलं ते दुसऱ्या कशाने फिटायचं नाही. मग त्यांनी खोली सोड म्हटलं, तर सोडेन.