सातव्या फेरीतला ठोसा

कोल्हारहून नगरला जाणाऱ्या बसमध्ये माझं आणि मेहुण्याचं जुंपलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचा बॉक्सिंगचा जगज्जेता आणि आजचा जगज्जेता समोरासमोर आले, तर जिंकेल कोण? एक जिना चढताना धापा टाकणारा मी, बसल्या जागी हवेत ठोसे हाणत होतो. सातव्या फेरीत मी आजच्याला आडवा केला.

"उठवा त्याला!" शेजारच्या सीटवरचे म्हातारबा कडाडले. नाक मोडकं, कान चुरगळलेला. मघापासून ते थरथरत्या बोटांनी एकच मोसंबी सोलत होते.

"गंमत चाललीय, काका."

"गंमत? पलटनीत अकरा वर्षं बॉक्सिंग केलं मी. खाली पडल्यावर कानात काय वाजतं, म्हाईत हाय का? ज्यांनी एकमेकांचं कधी काय बिघडवलं न्हाई, त्यांना मारायला लावता. वर टाळ्या!"

मेहुण्याला राहवेना. "पण दोघांत भारी कोण?"

"लई मार खाल्लाय दोघांनी. बसू द्या आता."

मोसंबी अजून अर्धीच सोलली होती. "द्या, मी सोलतो," म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाने असा बाजूला उडवला, की त्यांचा हात मला दिसलासुद्धा नाही. तेवढ्यापुरती त्यांची बोटं थरथरत नव्हती.

नगरपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.