‘एकांत’ आणि उलथणं

गल्लीत सगळे त्यांना पेंटर म्हणत, आणि पेंटरांना नेमका याचाच राग होता. पेंटर म्हणजे रंगारी, आणि ते स्वतःला चित्रकार समजत. समजायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ते नेटाने समजत आले होते. हयात मात्र गेली दुकानांच्या काचांवर अक्षरं काढण्यात. काचेच्या आतल्या बाजूने उलटी अक्षरं काढायची, म्हणजे रस्त्यावरच्याला ती सुलटी दिसतात आणि पावसाने धुऊन जात नाहीत. या कामात पेंटरांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण कोणी तसं म्हटलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं.

लग्न झालं तेव्हा त्यांनी बायकोला शब्द दिला होता, “माझा स्वतःचा स्टुडिओ झाला की पहिलं चित्र तुझं.” ती बिचारी भोळी. तिने त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच समोर दिसेल असा, स्टुलावर चढून एक खिळा ठोकला. त्या खिळ्यावर तिने पुढे कधी कॅलेंडर लावू दिलं नाही की पिशवी अडकवू दिली नाही. एकदा पेंटरांनी ओली छत्री टांगली, तर घरात दोन दिवस भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत होते. पेंटरांना वाटलं, छत्रीतून पाणी गळल्याचा राग असेल.

बाईंना गल्ली पेंटरीणबाई म्हणायची. त्यांनी चित्राची आठवण करून दिली की पेंटरांचं उत्तर तयार असे.

“अगं, कला म्हणजे काय उसळी मारणारा चेंडू आहे का, कुठेही आपटला की वर यायला? तिला जागा लागते. उत्तरेचा उजेड लागतो. या घरात जेवायला बसलं तरी कोपराला कोपर लागतं. इथे काय डोंबल होणार?”

कोपराला कोपर लागायचं हे खरंच होतं. टेबलाशी दोघं शेजारी बसत आणि दर दुसऱ्या घासाला बाईंचं कोपर पेंटरांच्या कोपरावर आदळे. पेंटर चमचा खाली ठेवून सुस्कारा सोडत. शेवटी बाईंनी आपली खुर्ची पार टेबलाच्या टोकाला नेली. तरी तक्रार चालूच, कारण कोपर गेलं तर कारण जाईल ही भीती होती.

काचांची कामं बंद झाली, दुकानांना चकचकीत छापील बोर्ड आले, आणि पेंटरांना सवडच सवड झाली. आता स्टुडिओ बांधल्याशिवाय सुटका नव्हती. बाईंचा भाऊ फरशा आणि नळांचा व्यापारी. त्याच्या गावाबाहेरच्या गोदामामागे थोडी जागा पडून होती.

“बांधा की दाजी,” तो म्हणाला. “तसंही तिथे फुटक्या फरशाच टाकतो आम्ही. तुम्हीही तिथेच बसा.”

या वाक्यात काहीतरी टोचलं असं पेंटरांना वाटलं, पण जागा फुकट होती म्हणून त्यांनी ते गिळलं.

बांधकामात त्यांनी गवंड्याला सळो की पळो करून सोडलं. खिडकी उत्तरेलाच हवी. ओटा नको. पाण्याची मोरी ब्रश धुण्यापुरती. भिंती पांढऱ्या, पण दवाखान्यासारख्या नव्हे, ‘विचार करणाऱ्या’ पांढऱ्या. गवंडी म्हणाला, “साहेब, उत्तरेला गोदामाचं आवार आहे.” पेंटर म्हणाले, “उजेडाला आवार लागत नाही.” खिडकी झाली. त्यातून उत्तरेचा उजेड यथास्थित आला आणि त्या उजेडात मेव्हण्याने उघड्यावर मांडून ठेवलेले कमोड ओळीने चमकू लागले.

दारावर पेंटरांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली, ‘एकांत’. अक्षरं अशी देखणी की गोदामातले हमाल येता-जाता थांबून बघत. “पाटी मस्त झालीये, पेंटर!” पेंटर मान फिरवून आत जात.

आत गेल्यावर काय करायचं, हा मात्र प्रश्न होता. पहिल्या सकाळी त्यांनी पेन्सिलींना टोक केलं. दुसऱ्या सकाळी टोकं जास्त झाली असं वाटून ती जरा बोथट केली. कोरा कागद चित्राच्या घोडीवर लावून ते त्याच्यासमोर बसले, कागद त्यांच्यासमोर बसला. दुपारी डुलकी लागली. संध्याकाळी घरी गेल्यावर बाईंनी विचारलं, “झालं का काही?” आणि पेंटर म्हणाले, “अगं, जागेला अजून माझी सवय व्हायची आहे.” बाईंनी खिळ्याकडे पाहिलं आणि पानं वाढायला घेतली. इतकी वर्षं जागा नव्हती. आता जागा होती, उजेड होता, शांतता होती, आणि सांगायला एकही कारण उरलं नव्हतं. आपल्याला चित्र येतच नसेल तर? हा विचार त्यांनी आला तसा मागे ढकलला, पण तो दाराशीच उभा राहिला.

सुटका केली ती सलूनमधल्या एका जुन्या मासिकाने. दाढीची वाट बघताना पेंटरांनी त्यात वाचलं की खरी कला रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्येच असते, कलावंताने फक्त ती ओळखायची. काढायची नाही, नुसती ओळखायची! पेंटर अर्धवट दाढीनिशी उठणार होते, न्हाव्याने खांद्याला धरून बसवलं.

घरी आल्या आल्या त्यांनी कान तुटलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवला.

“अहो, विसळायचाय तो,” बाई म्हणाल्या.

“विसळू नकोस! या डागाकडे बघ. हे चित्र आहे.”

“मग त्या चित्रात उद्या चहा कशात पिणार तुम्ही?”

कप ‘एकांता’त गेला. पांढऱ्या भिंतीला फळी ठोकून पेंटरांनी तो मांडला आणि खाली सुंदर अक्षरांत पाटी लिहिली, ‘ओठांची आठवण’. मग त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. रोज सकाळी ते घरातून काही ना काही ओळखून नेत. दाराचं पायपुसणं गेलं, ‘पावलांचा इतिहास’. मधोमध खचलेली खुर्ची गेली, ‘भार’. इस्त्रीने करपलेली चादर, चिरलेली बादली, तळाशी काळा झालेला तवा, सगळं एकेक करून निघालं. शेवटी उलथणं गेलं. ते एका कोपऱ्याने झिजून तिरकं झालं होतं, जणू कोणी कानशीने घासलं असावं. त्याच्याखाली पेंटरांनी सगळ्यात मोठी पाटी लावली, ‘काळाची झीज’, आणि ती वाचताना त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. स्वतःच्या पाटीवर स्वतःच रडणारा माणूस धन्यच म्हणायचा.

मेव्हणा दोन गिऱ्हाइकांना घेऊन आला. त्यांनी सगळं फिरून पाहिलं.

“अक्षर काय सुरेख आहे हो,” एक गिऱ्हाईक म्हणालं. “आमच्या दुकानाची पाटी द्याल का करून?”

“अक्षर बघू नका, वस्तू बघा!” पेंटर कडाडले.

“ही खुर्ची तर ताईची आहे,” मेव्हणा म्हणाला. “मग ती बसते कशावर?”

हा प्रश्न पेंटरांना कधी पडलाच नव्हता. ताई बसत होती उलट्या डब्यावर. सुरीच्या पात्याने भाजी परतत होती, आणि बोट कापून घेतलं तेव्हा तिने पट्टी बांधली आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पेंटर ‘एकांता’त पोचले तर दारात मेव्हण्याचा टेम्पो. आत बाई. ‘पावलांचा इतिहास’ दाराबाहेर नेमक्या जागी पडलेला होता. खिडकीखाली शेगडी मांडली होती, ‘तळ’ नावाचा तवा तिच्यावर तापत होता आणि ‘भार’ या कलाकृतीवर बाई कांदा चिरत बसल्या होत्या.

“हे काय चाललंय?” पेंटरांचा आवाज चिरकला.

“स्वयंपाक. माझं घर सगळं इकडे आलंय, मग मी तिकडे एकटी काय करू?”

“अगं, हा एकांत आहे!”

“मग तुम्ही जा ना तिकडे. तिकडे आता कोणी नाही, काही नाही. पाहिजे तेवढा एकांत आहे.”

पेंटर तणतणत घरी गेले. घर खरंच मोकळं पडलं होतं. टेबलाशी एकच खुर्ची, त्यांची. आजवर कधी जाणवलं नव्हतं, पण बाहेरच्या खोलीत उजेड भरपूर होता, आणि समोरच्या भिंतीवर तो खिळा. डोकं घासून गुळगुळीत झालेला, धूळ नसलेला. म्हणजे बाई तो पुसत होत्या. पेंटर त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. चांगली कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी लाज वाटली.

मग त्यांनी कागद घेतला आणि बायकोचं चित्र काढलं. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. शेगडीपुढे उभी असलेली बायको, किंचित झुकलेली, हातात उलथणं, नाकाच्या डाव्या अंगाला तीळ. रेघ कुठे अडली नाही. पेंटरांचा स्वतःवरच विश्वास बसेना. येतं की आपल्याला!

सकाळी ते कागदाची गुंडाळी घेऊन जवळजवळ धावत गोदामामागे गेले. बाई तव्यावर काहीतरी परतत होत्या. ‘काळाची झीज’ ही पाटी त्यांनी गरम भांड्याखाली घेतली होती.

“आधी एक सांगा,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “हे उलथणं काळाने झिजवलं असं लिहिलंत. काळ कधी आला होता हो आपल्याकडे स्वयंपाकाला?”

पेंटरांनी चित्र उघडून धरलं. बाईंनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि चित्र जवळ घेतलं. आधी त्यांचा चेहरा असा उजळला की पेंटर सुखावले. मग तो हळूहळू मावळला.

“ही कोण?”

“अगं, तूच!”

“हिने उलथणं उजव्या हातात धरलंय.”

“मग?”

बाईंनी उलथणं उचललं आणि तव्यावरचं परतलं. डाव्या हाताने. झिजलेला कोपरा तव्याच्या तळाला असा चपखल बसला की खरवडल्याचा आवाजही आला नाही. नेहमीच्या सहज हाताने त्यांनी मीठ टाकलं, झाकण ठेवलं, सगळं डाव्याने.

पण हयातभर कारणं दिलेला माणूस, एक कारण निघालंच.

“ते काय आहे, काचेवर उलटं काढायची सवय ना मला. डावं-उजवं फिरतं कधीकधी.”

“हो? मग तीळ कसा बरोबर बाजूला आलाय?”

पेंटर पुन्हा चित्रात डोकावले.

“मी सांगते. तीळ आपल्या लग्नाच्या फोटोत आहे.” बाईंनी चित्राची गुंडाळी करून त्यांच्या हातात परत दिली. “फोटोत माझ्या हातात उलथणं नव्हतं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फळीवरून दोन ताटल्या काढल्या आणि जेवण वाढलं. खुर्ची एकच होती, तिच्याशेजारी बादली पालथी घातली आणि स्वतः बादलीवर बसल्या. जागा अरुंद होती. दुसऱ्याच घासाला त्यांचं डावं कोपर पेंटरांच्या उजव्या कोपरावर आदळलं. पेंटरांनी सुस्कारा सोडला नाही. चमचा डाव्या हातात घेऊन, अर्धं सांडत, ते मुकाट जेवू लागले.