टेबलावरचं गाव

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी सुशिलाबाई बोपचे यांची बदली चोरखमारा तलावाच्या नहरावरच्या, म्हणजे कालव्यावरच्या, एका लहानशा शाळेत झाली. तान्ह्या पोळ्याला गावानं त्यांना बक्षिसं वाटायला बोलावलं. पोरं आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत रांगेत उभी होती. बहुतेक नंदी बाजारातले, सगळे एकसारखे. पाच-सहा मात्र निराळे होते. एकाचं डावं शिंग अर्धंच होतं. एक मान किंचित वाकडी करून उभा होता, जणू कुणीतरी मागून हाक मारली आहे. बाईंनी आदल्याच दिवशी मोठा पोळा पाहिला होता.

"हा तर टेंभरेंचा बैल!" त्या म्हणाल्या.

"त्यायचाच हाय," मांडवाच्या खांबामागून आवाज आला. "बैल म्हटला का कोनाचा तरी असतेच ना, बाई."

खांबामागं एक किडकिडीत माणूस उभा होता. नखांत लाल-निळा रंग अडकलेला. हे मनीराम उईके. वनविभागाच्या लाकूड डेपोत लाकडं रचायच्या कामावर होते. तिथं पडलेल्या ढलप्या साहेबांना विचारून घरी आणायचे आणि पोळ्याच्या आधी महिनाभर नंदी घडवायचे.

बाई तेव्हा चौथीच्या मुलांसाठी एक खेळ जुळवत होत्या. टेबलावर गावाचा नकाशा. वरच्या टोकाला तलाव, तलावातून निघालेला नहर, दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. फासा टाकायचा, आपल्या माणसाला पुढं न्यायचं, अडवलेलं पाणी सोडवायचं आणि नहराच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचवायचं. शेवटची बांधी कोरडी राहिली तर सगळेच हरले. खेळ चांगला होता, पण माणसांच्या जागी खडे होते आणि खड्यांवर कुणाचा जीव जडत नाही. बाईंनी मनीरामभाऊंना वीस माणसं करून द्यायला सांगितली.

"कोनाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाची म्हणजे? साधी माणसं. बोटाच्या पेराएवढी."

"साधा मानूस म्हंजे कोन? नाव सांगा."

बाईंनी पुन्हा नुसता आकडाच सांगितला: वीस.

पंधरा दिवसांनी बुटाच्या खोक्यातून माणसं आली. प्रत्येकाच्या पायाखाली पाटी आणि प्रत्येक पाटीला चार चाकं! सारा जन्म नंदी करणाऱ्या हातांना चाकांवाचून काही उभं राहू शकतं हे माहीतच नव्हतं. शाळेचं टेबल जरा उतरतं होतं. मांडलेलं गाव हळूहळू खिडकीकडं निघालं आणि एकेक जण टपाटप खाली पडला. पोरं हसून बेजार झाली. "सर्व गाव नागपुरले चाललं!" भूपेंद्र नावाचा पोरगा ओरडला. मनीरामभाऊही हसले आणि सगळी माणसं पुन्हा खोक्यात भरून घेऊन गेले.

पुन्हा आली तेव्हा ती लाकडाच्या गोल चकत्यांवर उभी होती. चकत्यांवर हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा, कुठं धानाचं तूस, कुठं बोटभर चिखलाचा रस्ता. माणसांची डोकी तांदळाच्या दाण्याएवढी. नाक-डोळे काढायला जागाच नव्हती, तरी पोरांनी एका दमात सगळी ओळखली. मागं रेलून चालणारा सरपंच. कानाला हात लावून ऐकणारा कोतवाल. भात शिजवणाऱ्या चमेलीबाई एका कमरेवर भार देऊन उभ्या. मनीरामभाऊ चेहरा पाहतच नसत. माणूस उभा कसा राहतो ते पाहायचे.

चमेलीबाई हात पुसत वर्गात आल्या आणि स्वतःला उचलून बघत म्हणाल्या, "मी येवढी जाडी हाव का रे, मनीराम?"

"नाही वहिनी. लाकूडच जाडं भेटलं."

पुढची चार वर्षं ते गाव वाढत गेलं. तलाव करायला त्यांनी पाटीवर गडद निळा रंग दिला आणि त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख चढवली, एकावर एक अकरा हात. लाखेचा पिवळेपणा निळ्यात उतरला आणि पाणी चोरखमाऱ्याच्या पाण्यासारखंच हिरवट दिसू लागलं. झाडं झाडूच्या काड्यांची. सगळ्यात बारीक ब्रश स्वतःच्या बकरीच्या कानावरच्या केसांचा. मधल्या सुट्टीत वर्गातून भांडणं ऐकू यायची. "माह्यं पानी काऊन तोडलं?" "तुह्यी पारी झाली ना, आता बस!"

दोन हजार चारला गोंदियात शैक्षणिक साहित्याचं जिल्हा प्रदर्शन भरलं. आदल्या दिवशी मनीरामभाऊ शाळेत आले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, त्यात माह्यं नाव लागन का?"

"लागेल की."

"पोरगी आश्रमशाळेत हाय, नववीत. भाग्यश्री. तिथं पेपर येतो म्हने."

पाच वर्षांत त्यांनी गावातल्या कुणाकडं काही मागितल्याचं बाईंच्या ऐकिवात नव्हतं.

मनीरामभाऊ खोकं सांभाळत बाईंबरोबर आले होते. प्रदर्शनात अर्ज मिळाला. त्यात एकच रकाना होता: साहित्य तयार करणाऱ्या शिक्षकाचे नाव. बाईंनी आपलं नाव लिहिलं. परीक्षक आले की तोंडी सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. परीक्षक आले, तलावावर वाकले, सरपंचाला चिमटीत धरून हसले.

"मॅडम, हे सर्व तुम्ही केलं?"

बाई बोलणार तोच मुख्याध्यापक शालीकराम कटरे म्हणाले, "आमच्या बाई लय मेहनती आहेत, साहेब." आणि बाई हसल्या. एवढंच झालं. त्या हसल्या. नंतर सांगायला जागाच उरली नाही.

फोटोवाल्यानं हात हलवला. "भैय्या, थोडा बाजू हटो. फोटो में आ रहे हो." मनीरामभाऊ खोक्याचं झाकण छातीशी धरून बाजूला झाले.

परतीच्या बसमध्ये खोकं त्यांच्या मांडीवर होतं. बाई म्हणाल्या, "अर्जात एकच जागा होती, मनीरामभाऊ."

"व्हय."

मग खोकं मांडीवर नीट करत ते म्हणाले, "फोटो चांगला आला असन तुमचा." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्यानंतर मनीरामभाऊंनी शाळा सोडली नाही. कुणाचा हात मोडला, चकती निघाली, की येऊन डकवून जात. पण नवा माणूस एकही केला नाही. गावात सरपंच बदलला, कोतवाल वारला, टेबलावर मात्र तेच जुने. पोरं मागं लागली की म्हणत, "लाकूड नाही." पोळ्याला नंदी दर वर्षी होत होते. बाईंनाही ते दिसत होतं.

दोन हजार अकराला शिक्षण विभागाचं पत्र आलं. बारा शाळांसाठी हा खेळ करून हवा होता. त्याच टपालात बाईंचं नाव आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी सुचवल्याचंही कळवलं होतं, याच खेळासाठी. बाईंनी दोन दिवस विचार केला. मग लिहिलं: खेळाचे नियम माझे आहेत. माणसं, तलाव, झाडं, सगळं घडवणं-रंगवणं मनीराम उईके यांचं आहे. सात वर्षांपूर्वी मी चुकीचं नाव लिहिलं होतं.

कटरे सर कागद वाचून वैतागले. "तुमचं एक वर्ष राहिलं रिटायर व्हायले. कायले उकरून राहिल्या, बाई? खोटं तर लिहिलं नव्हतं. जागाच नव्हती."

"अर्जाला समास तर होता, सर," बाई म्हणाल्या.

पत्र टाकण्याआधी त्या मनीरामभाऊंच्या घरी गेल्या. ते अंगणात बांबू सोलत बसले होते. बाईंनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोयता थांबला नाही.

"हे आता काऊन?"

"तेव्हाच करायला हवं होतं. पेपरात तुमचं नाव वाचणार होती ती पोरगी आता सासरी गेली, ते माहीत आहे मला."

"अर्जुनीकडं दिली," ते म्हणाले. "त्या दिवशी तिनं पेपर पाह्यला होता. मले विचारे, बाबा, या फोटोत तुमी कोठी हा?"

मनीरामभाऊंनी कोयता खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि कागद घेऊन ओळखीच्या अक्षरांवरून आपल्या नावाची ओळ शोधली. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "याच्या म्होरं गावाचं नाव टाका. मनीराम उईके या पट्ट्यात लय आहेत."

बाईंनी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून गावाचं नाव घातलं.

पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. मागणीचं पत्र मात्र थेट मनीरामभाऊंच्या नावावर आलं. त्यांनी ते पोस्टमनकडून दोनदा वाचून घेतलं आणि कळवलं की बारा शाळांना एकच गाव चालणार नाही. ज्या शाळेचा खेळ, त्याच गावची माणसं त्यात उभी राहतील. त्याला वेळ लागेल.

आता त्यांचं डेपोचं काम सुटलं आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते सध्या कामठ्याच्या शाळेसाठी सहावं गाव करत आहेत, आणि त्यासाठी गेले दोन आठवडे तिथल्या बाजारात एका पानठेल्याशेजारी बसून, माणसं कशी उभी राहतात ते पाहून येत आहेत.