पेनाच्या झाडाला "काढा" म्हणणारा साहेब

अंकुश कुळमेथेच्या तोंडी एक शब्द कायमचा बसला होता: काढा. हेलिपॅडच्या कडेला पताका दिसल्या, काढा. मंडपाचं कापड सैल आहे, काढा. फोटोवाले वर्तुळात घुसले, काढा त्यांना. हेलिकॉप्टर उतरताना पात्यांचा वारा असा सुटतो की सैल कापड उडून थेट पात्यांत जातं, आणि मग हार घेऊन उभ्या असलेल्यांना खांदेकरी शोधावे लागतात. हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. सरकारचा उड्डाण सुरक्षा निरीक्षक होण्याआधी अर्धं आयुष्य त्याने हेलिकॉप्टर उडवण्यात घातलं होतं.

पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या कोसमटोल्याचा हा गोंडाचा पोरगा. आश्रमशाळेत शिकला, फौजेत गेला, तिथे पायलट झाला आणि बाहेर पडल्यावर पुढाऱ्यांना प्रचारसभांना नेऊ लागला. एकदा सभा लांबली, सूर्य बुडाला, वाटेत डोंगर. अंकुश म्हणाला, आता उडणार नाही. पुढारी म्हणाला, "ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखा राहा." अंकुशने कानावरचा हेडफोन सीटवर टाकला, खाली उतरला आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला. पुढाऱ्याला मोटारीने हाडं खिळखिळी करत जावं लागलं. त्यानंतर कंपनीने अंकुशला कामच देणं बंद केलं.

म्हणून तो सरकारी खात्यात आला. वाटलं, आता आपल्या नाहीवर शिक्का असेल. शिक्का मिळाला, पण दर वेळी "वरून फोन आहे" म्हणणारा एक जण समोर हजरच. साध्या आवाजातली नाही या देशात कोणाला ऐकू येत नाही. त्याने आवाज चढवला, तो परत उतरलाच नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याला पाठवलं ते नेमकं कोसमटोल्यात. खाणीचं भूमिपूजन होतं आणि मोठे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. ज्या गावातून बाळंतीण अजून खाटेवर उचलून नाल्यापार न्यावी लागते, त्या गावात पाहुण्यांसाठी मुरूम आला, रोलर आला, पाण्याचा टँकर आला. कशावरून आला विचाराल, तर त्याच नाल्यावरच्या फुटक्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, ठेकेदाराच्या ट्रॅक्टरमागे बांधून, ओढत.

अंकुश चंद्रपूरहून जीपने आला तो तापलेलाच. सोबत नायब तहसीलदार आणि ठेकेदार विनोद. चुन्याची कोरडी फक्की टाकून मोठा एच काढला होता.

"हे कोणत्या शहाण्याचं काम? पायलटच्या डोळ्यात चुना घालता काय? काढा!"

"काढतो साहेब."

"मंडप मागं न्या. बांबू काढा." वाऱ्याकडे तोंड करून त्याने हेलिकॉप्टरची उतरायची वाट हाताने दाखवली. मध्ये उंच काहीतरी येत होतं. नजर हातातल्या नकाशावर. "आणि ते झाड वाटेत येते. काढा."

विनोदने शीळ घातली. मशीनची करवत घेऊन माणूस तयारच होता. यांची तयारी अशाच कामाला असते.

झाडाखाली बसलेल्या बाया ओरडल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या, एवढंच. ते झाड साजाचं, म्हणजे ऐनाचं; गावाच्या पेनाचं, देवाचं ठाणं. गावात येणारा गोंड आधी तिथे जोडे काढून उभा राहतो, मग घरी जातो. अंकुश जीपमधून थेट चुन्यावर गेला होता.

"कोन म्हनते काढा?" कलाबाईने विचारलं. ही अंकुशची सख्खी आत्या.

"साहेब म्हनते," विनोदने अंकुशकडे बोट केलं.

"असं का. बरं साहेब, पेनाले हलवाचं असन तं करवतवाला सांगत नाई. हुकूम देनारा सांगते. जोडे काढ अन् तुयाच तोंडानं सांग त्याले, उठ म्हनून."

"आत्या, मी झाड तोडा म्हणून नाई—"

"आत्या घरी. इथी साहेब हायस. सांग!"

अंकुश तावातावाने गेला. बूट भिरकावले. जमीन तव्यासारखी तापलेली. मान वर केली, तोंड उघडलं, आणि शब्द निघेना. एवढी वर्षं झाड म्हणजे त्याला फक्त उंची होती. कोणाचं झाड, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. गावोगाव आपल्या "काढा"ने काय काय पडलं असेल, हे मनात येताच त्याला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तो अनवाणीच वळला.

"करवत खाली ठेव बे! झाड नाई चुकलं, जागा चुकली. बरड माळावर हेलिपॅड करा. तिथं वाट मोकळी आहे."

नायब तहसीलदार घाबरले. "सर, बरड नाल्यापलीकडे आहे. पाहुण्यांना रपट्यावरून आणावं लागेल."

"मग?"

"रपटा... दाखवण्यासारखा नाही हो."

"अस्सं! म्हणजे रस्ता दिसू नये म्हणून देव तोडता? गाव रोज जाते ना त्याच्यावरून? पाहुण्यांची कंबर काय काचेची आहे?"

"साहेब, तुमीच बोलले काढा, सगळ्यांसमोर," विनोद म्हणाला.

"बोललो, चुकीचं बोललो. आता बरोबर सांगून राह्यलो, तं ऐकू काऊन येत नाई?"

नायब तहसीलदारांनी फोन पुढे केला. "वरून आहे." पलीकडचा आवाज म्हणाला, तुमची बदली करू, उद्या दुसरा निरीक्षक पाठवू. अंकुशने तो फोन बंद केला आणि स्वतःचा स्पीकरवर लावला. पाहुण्यांचा पायलट प्रणित पूर्वी त्याच्याच शेजारच्या सीटवर बसून उडवायला शिकलेला होता.

"प्रणित, कोसमटोल्याच्या जागेला माझी नाही आहे. बरडावर उतरशील तर ये."

"सर, तुमची नाही असेल तर मी इंजिन चालू करत नाही. कोणीही सांगू दे."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. "आता बसवा त्या वरच्याले पायलटच्या सीटवर," अंकुश म्हणाला.

टँकर आणि रोलर रपट्याकडे निघाले. करवतवाला करवत फडक्यात गुंडाळून जीपमध्ये जाऊन बसला. अंकुश बुटांकडे वळला, तसा कलाबाईने बुटांवर हात ठेवला.

"गावापुढं बस पहिले. पेनाले काढा म्हनला तू."

"अवो, मीच वाचवलं ना झाड!"

"संकटात कोनं टाकलं होतं?"

त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. जगाला नाही म्हणणारा माणूस, पण आत्याला नाही म्हणता आलं नाही. तो धुसफुसत मातीत बसला. गावाचा भूमिया लटारूभाऊ, पेनाची पूजा करणारा म्हातारा, सावकाश समोर येऊन बसला. भोवती गाव गोळा झालं.

"सांग गा," भूमिया म्हणाला, "वर न पाहता काऊन बोलला?"