राहीबायला दिलेला शब्द

राही माझी थोरली बहीण. चौलात तिला सगळे राहीबाय म्हणत, पण तिचा चेहरा नीट पाहिलेली माणसं फार थोडी. पंधराव्या वर्षी, लग्नाला सहा महिने होतात न होतात, तोच तिला देवी आल्या. जीव वाचला, चेहरा मात्र वणांनी भरून गेला. सासरच्यांनी बरी होईपर्यंत म्हणून माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून विहिरीवर, बाजारात, देवळात, कुठेही जायचं तर पदराचं टोक दातांत धरून अर्धा चेहरा झाकलेला. बाकी बाई खमकी. पोफळींचं शिंपण करताना गडी तिच्यापुढे दमायचे. मी मुंबईला सिनेमा कंपनीत लागलो तेव्हा सगळ्या आळीने नाकं मुरडली. ती एकटी म्हणाली, हाताला काम हाय ना, मग झालं.

अशा बहिणीशी मी काय केलं ते सांगतो.

१९२९ साली आमची कंपनी चौलात आली. मीच आणली, मिरवायला. कॅमेरा नुकताच माझ्या ताब्यात आला होता. सिनेमे तेव्हा मुके आणि कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. नायिका सासरी निघते त्या प्रसंगासाठी आमच्याच घराचं माजघर ठरलं. तिथे भर दुपारी काळोख. अंगणात चंदेरी कागद चिकटवलेले पत्रे धरून आम्ही ऊन आत फेकलं, तरी पुरेना. मग एकच उपाय उरतो, भिंगाचं तोंड पूर्ण उघडायचं. त्याने काळोखातही चित्र उमटतं, पण स्पष्ट येतो तो वीतभर पट्टाच. नायिकेचं नाक साधलं तर कान धूसर होतात, आणि चार हात मागचं माणूस म्हणजे नुसती सावली.

मागे सुपात तांदूळ पाखडणारी एक बाई दिग्दर्शकाला हवी होती. सिनेमात दिसायचं म्हटल्यावर गावातली एकही बाई पुढे येईना. मी बायला गळ घातली. पाखडताना दोन्ही हात गुंतणार आणि दातांत धरलेला पदर दिग्दर्शकाला चालणार नव्हता. ती नाहीच म्हणाली. मग मी तिला भिंगाची सगळी करामत समजावली. कॅमेऱ्याच्या काचेवरचं उलटं चित्रही दाखवलं. मागे बसवलेला आमचा सदा गडी त्यात तिला ओळखता आला नाही.

"नक्की कोन वळखनार न्हाय?" तिने विचारलं.

"तू धुक्यात असशील, बाय. माझा शब्द."

ती पदर सोडून बसली. पुढे नायिका रडण्याचं सोंग करत होती आणि मागे बाय खरोखरच रडत होती. मुलगी सासरी निघाल्याचा तो देखावा तिला सहन झाला नसावा. नायिका उठून चौकटीबाहेर गेली. तिथे मी थांबायचं होतं. माझा उजवा हात दांडा फिरवतच राहिला आणि डाव्या हाताने मी भिंगाचं कडं वळवून स्पष्टपणा मागे नेला, बायच्या चेहऱ्यावर. तिचं अंतर मी आधीच फितीने मोजून ठेवलं होतं. गरज नसताना का मोजलं, याचं उत्तर द्यायची मला आजही लाज वाटते.

फिल्म धुऊन निघाली तेव्हा त्यात एकेक वण दिसत होता आणि वणांत अडकलेलं पाणीही. दिग्दर्शकाने मला मिठी मारली. एवढा तुकडा कापा, इतकं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी पाठ थोपटून घेत उभा राहिलो.

सिनेमा अलिबागला तंबूत लागला तेव्हा आळीतल्या बायका बैलगाडी करून गेल्या, सोबत मीही. बायही हौसेने आली. आपण दिसणार नाही, याची तिला खात्री होती. पडद्यावर दोन पुरुष उंचीचा तिचा चेहरा आला आणि बायकांच्या बाजूला कोणीतरी तिचं नाव घेतलं. मग सगळ्या वळून तिच्याकडे पाहू लागल्या. परतताना शेजारच्या नीराबाईने गाडीत विषय काढला, की शिवदास तर म्हणाला होता, तू ओळखू येणार नाहीस. मी मान खाली घातली.

"यंत्र फिरलं असंल," बाय म्हणाली. "शिवाच्या हातात काय व्हतं?"

आणि मी म्हणालो, "व्हय."

त्या एका तुकड्याने माझं नाव झालं. काळोखात चित्र काढावं तर शिवदासनेच, असं लोक म्हणू लागले. बायने बाजारात आणि देवळात जाणं सोडलं. सात वर्षं मी ते पाहत होतो. शेवटी १९३६ च्या शिमग्याला घरी आलो, तेव्हा ती पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं की यंत्र फिरलं नव्हतं, मी फिरवलं.

तिचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय. तू दाराशी व्हतास, उजेडात. तुजा डावा हात फिरताना मी पायला. तवा कळलं न्हाय, तंबूत कळलं."

"मग गाडीत तसं का म्हणालीस?"

"गाडीत नीराबाई व्हती. भावाला चारचौघींत खोटा पाडू?"

एवढं बोलून तिने पदर ओढला आणि टोक दातांत धरलं. पडवीत आम्ही दोघंच होतो. घरच्या माणसांसमोर तिने कधी चेहरा झाकला नव्हता, त्या सात वर्षांत माझ्यासमोरही नाही. पुढे ती होती तोवर मी समोर आलो की पदर वर जायचा, आणि मला तो खाली घे म्हणायचं तोंड नव्हतं.