परत पाठवलेली गाडी

आमच्या बिल्डिंगची रेती चांगली आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. लिफ्टचं विचारू नका, पार्किंगचं तर नावच काढू नका, पण रेती चांगली आहे. म्हणजे निदान खालच्या तीन मजल्यांची. मी दुसऱ्यावर राहतो. वरच्यांचं वरचे बघतील.

मी महेंद्र. अंबरनाथच्या कारखान्यात उभी हयात नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर चिखलोलीत फ्लॅट बुक केला. काम चालू होतं तेव्हा मी उठसूट साइटवर जायचो. बायको म्हणायची, भिंती काय पळून जाणारेत? पण उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये पत्र्याखाली संसार केला आम्ही. आपल्या नावाची भिंत वर चढताना बघायला माणूस जाणार नाही तर काय करणार? जायचो, उन्हात उभा राहायचो, कुणी हटकलं तर बाजूला व्हायचो. तिथेच अमितची ओळख झाली.

अमित साइटवरचा इंजिनियर. नुकताच पास झालेला, डोक्यावरचं हेल्मेट अजून चकचकीत. त्याचा बाप कमळाकर, इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्याच्या बापाचं भात व्हायचं. आता या बाजूला एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात बिल्डर आला की रेती, खडी, विटा गावातल्याच माणसांकडून घ्यायच्या. कुठे लिहिलेलं नाही, पण बिल्डरला माहीत असतं आणि गावालाही. जमिनी गेल्या, त्यांच्या जागी डंपर आले, असा तो हिशेब. कमळाकर शेतकऱ्याचा कमळाकरशेठ झाला तो असा. साइटच्या कोपऱ्यावर एक पत्र्याचा कंटेनर, आत टेबल, पंखा, चार खुर्च्या. त्याला तो ऑफिस म्हणतो.

पोरगा इंजिनियर झाला तेव्हा नाक्यावर बॅनर लागला होता. हेल्मेट घातलेला अमित, खाली हात जोडलेला कमळाकर आणि अभिनंदन करणाऱ्यांचे इतके फोटो, की अमितच त्यात शोधावा लागायचा. घराण्यातला पहिला इंजिनियर! कमळाकरने बिल्डरला सांगून टाकलं, माझा पोरगा याच साइटवर लागला पाहिजे. मुकेशभाई, आमचे बिल्डर, उल्हासनगरचे. त्यांनी हसत हसत हो म्हटलं. गावानेही मान डोलावली. गाड्या बापाच्या आणि गेटवर पोरगा, आता काय, घरचंच काम.

इथेच चुकलं सगळ्यांचं. पोरगा कॉलेजात काय शिकून आलाय हे कुणी विचारलंच नव्हतं.

अमितकडे पाण्याची एक रिकामी बाटली असायची. गाडी आली की तो मूठभर रेती बाटलीत टाकायचा, पाणी घालायचा, खळाखळा हलवायचा आणि बाटली सावलीत ठेवून द्यायचा. रेती खाली बसते, माती वर थर धरते. थर जाड दिसला की समजायचं, या रेतीत सिमेंट नीट धरणार नाही. मला त्याने हे समजावून सांगितलं, कारण मी विचारलं. फ्लॅट घेणारं दुसरं कुणी कधी विचारत नाही, असं तो म्हणाला. बाकीच्यांना टाइल्सचा रंग पाहिजे असतो.

एक दिवस कमळाकरची गाडी आली. बाटलीत मातीचा असा थर बसला, की मलासुद्धा दिसला. चष्म्याशिवाय. अमितने ड्रायव्हरला, किसनला, सांगितलं की गाडी खाली करू नको. किसनला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. त्याने फोन लावला आणि कमळाकर कंटेनरमधून चालत आला. दुसऱ्या सप्लायरचे दोघेतिघे तिथेच होते, मजूर होते, मी होतो. कमळाकरने आधी हसून घेतलं, मग पोराच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, जाऊ दे ना, उद्या चांगली आणतो.

"पप्पा, ही गाडी नाही चालणार," अमित म्हणाला. आवाज चढवला नाही, नजर मात्र खाली होती.

कमळाकरने खांद्यावरचा हात काढला. किसनने गाडी फिरवली. भरलेला डंपर गेटातून परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिला. बापाचा चेहरा बघवत नव्हता, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर बापलेकाचं बोलणं बंद झालं. एका घरात राहायचे, एका तव्यावरची भाकरी खायचे, पण निरोप पुतळाबाईंमार्फत. पुतळाबाई म्हणजे अमितची आई. तेवढ्यावर भागलं असतं, पण बाकीचे सप्लायर घाबरले. ज्याने बापाची गाडी ठेवली नाही तो आपली काय ठेवणार? आणि खरंच, अमितने त्यांच्याही गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. मग सगळे मिळून कमळाकरच्या ऑफिसात आले. पोराला आवर, नाहीतर उद्या बिल्डर बाहेरून माल आणेल आणि गावाच्या हातून सगळंच जाईल, असं त्याला ऐकवलं. कमळाकर गावाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नव्हता. तो स्वतः मुकेशभाईंकडे गेला. ज्या तोंडाने पोराला लावला होता, त्याच तोंडाने काढायला सांगून आला.

मुकेशभाई गोड माणूस. त्यांनी अमितला बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बेटा, तू बहुत अच्छा इंजिनियर है. किसी बडी कंपनी में लग जा." अमित हेल्मेट टेबलावर ठेवून बाहेर आला. मला गेटवर म्हणाला, काका, तुमचा तिसरा स्लॅब झालाय ना, मग काळजी करू नका.

पुढे त्याने बदलापूर, अंबरनाथ सगळीकडे विचारून पाहिलं. कुठे लागणार? बातमी त्याच्या आधी पोचलेली. ज्याच्या त्याच्या साइटवर कुणी ना कुणी गाववाला माल टाकत होताच. पोरगा हुशार आहे, पण आमच्याकडे नको, एवढंच ऐकायला मिळायचं. त्याला काही फार मोठं नको होतं हो. वाईट माल परत पाठवता यावा आणि तरी नोकरी राहावी, घरही राहावं. एवढंच. ते इथे जमेना, म्हणून त्याने बाहेरचे अर्ज भरले आणि ओमानमधल्या एका कंत्राटदाराकडे लागला. तिकडे सगळं नियमाने चालतं, असं त्याने ऐकलं होतं. कोणी काकामामा नसतो, बाप नसतो, कागदावर लिहिलंय तेच होतं.

तो गेला त्या दिवशी मी फ्लॅटला ग्रील बसवून घ्यायला आलो होतो. पुतळाबाईंनी सुका जवळा, मसाला, तांदळाचं पीठ असं काय काय बांधून दिलं होतं आणि गाडीपर्यंत रडत आल्या होत्या. गाडी कंटेनरसमोरून गेली. कमळाकर आत बसून मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही. गाडी वळणाआड गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "आज ऊन लय हाय." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला त्याचा राग आला होता. पोराला घालवलंस तर घालवलंस, निदान उठून उभा तरी राहा. पण मी कोण बोलणारा, मी फ्लॅटवाला.

अमितचा रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल यायचा. हे मला पुतळाबाईंनीच सांगितलं. फोन आला की कमळाकर टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि झोपाळ्यावर बसून बिनआवाजाची मालिका बघायचा. कान फोनकडे. बोलायचा मात्र एक शब्द नाही. फोन ठेवला की आवाज पुन्हा चालू. पुतळाबाई म्हणाल्या, आता मी मुद्दाम फोनचा आवाज मोठा ठेवते.

उन्हाळा सुरू होता होता माझ्या मुलीचं, मनालीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पाणी झालं, चहा येत होता, तेवढ्यात अमितचा फोन आला. कमळाकरने रिमोट उचलून टीव्ही गप्प केला. मी उठू लागलो, तर पुतळाबाईंनी हातानेच बसायला सांगितलं.

पोरगा सुकला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की तिथेही तेच चाललंय. तिथे काँक्रीट कारखान्यातून तयार होऊन गाडीने येतं. कारखाना लांब, ऊन मरणाचं, गाडी पोचेपर्यंत माल घट्ट व्हायला लागतो. मग ड्रायव्हर पाइप लावून त्यात पाणी सोडतो. ओतताना छान पातळ दिसतं, पण ताकद गेलेली असते. त्या दिवशी त्याने अशी एक गाडी परत पाठवली होती. वरच्या साहेबाने बोलावून सांगितलं होतं, उद्या मोठा स्लॅब आहे, येईल ती गाडी घ्यायची आणि सही करायची. जमत नसेल तर घरी जा.

पुतळाबाईंना यातलं किती कळलं कोण जाणे, पण घरी जा हे कळलं. त्या म्हणाल्या, सही कर बाबा, परक्या मुलखात कुणाशी वाकडं नको. आई दुसरं काय सांगणार?  अमित म्हणाला, "हो आई. करतो. इथून पण काढलं तर जायचं कुठे?"

झोपाळ्याची कडी वाजली. कमळाकर उठून आला, त्याने बायकोच्या हातातून फोन घेतला आणि नीट डोळ्यांसमोर धरला. पलीकडे अमित बघतच राहिला.

"जेवलास?" कमळाकरने विचारलं.

"नाही अजून."

"बापाची गाडी परत धाडलीस ना, भर साइटवर, सगल्यांच्या समोर? मंग ही कोन लागून गेली?"

"पप्पा, काढून टाकतील."

"काढू दे. मी पन काढलाच होता ना तुला." कमळाकरने फोन आणखी जवळ धरला.  "घर हाय तुझं हितं. जा, जेवून घे."

फोन त्याने पुतळाबाईंना परत दिला, झोपाळ्यावर जाऊन बसला आणि माझी पत्रिका उघडून विचारलं, लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे. मी सांगितलं. तो ऐकत नव्हता. पुतळाबाई तिकडे पोराला भाजी काय केलीस म्हणून विचारत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी अमितने गाडी परत पाठवली. नंतर आणखी एक. कंपनीनेही जे सांगितलं होतं ते केलं, आणि मनालीच्या लग्नाला अमित हजर होता.

आता कमळाकर साधुसंत झाला असं समजू नका. त्याचे डंपर अजून चालू आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक गाडीची रेती कशी असते हे मी काही सांगू शकत नाही. अमित त्याच्या ऑफिसात बसून पुन्हा अर्ज भरतो, या वेळी दुसऱ्या देशांचे. बापलेक दुपारी एकाच डब्यातलं जेवतात. लागेल कुठे, न लागेल. मला त्याची काळजी वाटते आणि ती कमी झालेली नाही.

गावात मात्र लोक काही कमी नाहीत. येणाराजाणारा कंटेनरमध्ये डोकावून, जिभेवर साखर पेरून विचारतो, काय शेठ, पोराला तिकडूनपण परत पाठवला म्हणे? पहिल्यांदा कुणीतरी असं विचारलं तेव्हा मी तिथे बसलो होतो, अमितही होता. मला वाटलं, आता कमळाकर खुर्ची फेकून मारतो.

त्याने पंख्याचा वेग वाढवला आणि म्हणाला, "धाडला ना परत. माल चांगला व्हता, घेनाराच खराब निघाला."

मग त्याने आम्हा सगळ्यांना चहा सांगितला.