फराहच्या वहीत खाडाखोड नाही

खालापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या चौथ्या दुकानात फराह बसते. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जे हवं ते टाइप करून देते. एकदा एका काकांना तिने वय विचारलं, तर काका डोळा मिचकावून म्हणाले, "लिही पंचवीस." तिने पंचवीस लिहिलं, छापलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. काका उडालेच.

"अगं, मस्करी केली मी!"

"कागदाला मस्करी कळत नाय, काका," ती म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून टाइप करायला बसली.

मी त्यांच्यामागेच उभा होतो, माझा दाखला घ्यायला. ही बाई पुढे आपल्यालाही सरळ करणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अक्कल वेळेवर येत नाही.

मी देवेश. चौक गावाजवळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तीन-चार वर्षं दर रविवारी आम्ही चौघं फराहच्या दुकानाच्या माळ्यावर जमायचो आणि गोष्टीचा खेळ खेळायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. फराह हा खेळ मोबाइलवर बघून शिकली आणि तिने तो आपल्या मातीतला करून टाकला. गोष्ट सांगायची तिनेच. खेळणारे आम्ही तिघं. मी, माथेरानच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असलेली प्राची, आणि मुनाफ.

मुनाफ म्हणजे फराहचा मामेभाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. चौकात त्याचं गॅरेज होतं. ह्या माणसाने न बघितलेला सिनेमा अजून निघायचाय. गोष्टीत कोणी मरायला टेकलं की हा खलनायकाचं हसू काढणार, भूत आलं की विनोदी नटाच्या आवाजात त्याला चहा विचारणार. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. एक डायलॉग पडला की दुसरा तयार असायचा.

त्यापायी फराहच्या दोन गोष्टी अर्ध्यावर मेल्या. पहिलीचं जाऊ द्या. दुसरीत सहा महिन्यांनी राणीच्या मरणाचा प्रसंग आला. फराहने तो रात्र रात्र जागून लिहिला होता. मुनाफने सिनेमातल्या आईसारखा हंबरडा फोडला, प्राचीने तोंडाने सनई वाजवली, आणि मी इतका हसलो की माझा चहा तिने काढलेल्या नकाशावर सांडला. नकाशा पुसून, त्याची घडी करून फराह जिना उतरून गेली. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी ती एक लांबडी, लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आली.

"आजपासून नवी गोष्ट," ती म्हणाली. "आणि जो जे बोलंल ते त्याच्या माणसानं बोललं. मी लिहिणार. लिहिलं की लिहिलं, खाडाखोड नाय."

मुनाफला वाटलं, बोलते आहे, बोलू दे. त्याच दिवशी त्याने गोष्टीतल्या सरदाराला हिरोच्या थाटात सुनावलं, "तुझ्यासारखे चार मी रोज नाश्त्याला खातो." झालं. माणसं खाणारा म्हणून त्याचा गोष्टीतला माणूस, गजा लोहार, तीन रविवार अंधारकोठडीत. प्राचीने पहारेकऱ्याकडे बघून हिरॉइनसारखी मान वेळावली आणि म्हणाली, "घेऊन चल मला!" पुढचा महिनाभर ती त्या पहारेकऱ्याच्या आईच्या हाताखाली भाकऱ्या थापत होती. मी काय बोललो ते सांगत नाही.

डायलॉग थांबले नाहीत, पण ते आता अंगाशी यायला लागले. खरं सांगायचं तर खेळाला खरी मजा तेव्हापासूनच आली. दोन वर्षं ती गोष्ट चालली.

मग मुनाफला मस्कतला नोकरी लागली. मंगळवारचं विमान. त्याआधी हाती एकच रविवार.

"राहिलेलं फोनवर खेळू की," मी म्हटलं.

"दोन गोष्टी अर्ध्या गेल्या माझ्या," फराह म्हणाली. "तिसरी जाणार नाय. रविवारी संपवायची, सगळे समोर असताना."

त्या रविवारी सकाळी दहालाच तिने आमचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात घातले. तिच्या आईने, बदरुन्निसाचाचींनी, सांदणं पाठवली होती. ती खाऊन आम्ही बसलो.

गोष्ट अशी होती. एका गावाचं पाणी डोंगराच्या पोटात अडवलेलं. तिथे जायला एकच भुयार, आणि भुयाराच्या तोंडाशी आपोआप वरखाली होणारं दगडी दार. आमचा बेत पक्का होता. दार वर गेलं की गजा लोहाराने लोखंडी पहार टेकू म्हणून दाराखाली उभी करायची आणि तिघांनी आत शिरायचं.

"दार वर जातंय," फराह म्हणाली. "खांद्याइतकं आलं. काय करताय?"

मुनाफ उठला. माझा गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला, छाती फुगवली आणि भारदस्त आवाज काढला. "पहार घेऊन निघा तुमी! हे दार माझ्या खांद्यावर. पाणी आल्याशिवाय गजा इथून हलणार नाय!"

आम्ही पोट धरून हसलो. मग वहीवर पेन चालल्याचा आवाज आला आणि आमचं हसू तिथेच विरलं.

प्राची आणि मी पहार घेऊन आत गेलो. पाणी अडवणारा दगड सापडला. तेव्हा फराहने सांगितलं की आम्हाला चढून बसायला वर कपार आहे, पण पाण्याला बाहेर जायला वाट तीच, आम्ही आलो ती. आणि तिथे दार खांद्यावर घेऊन गजा उभा, पाणी येईपर्यंत न हलणारा.

"खोड ते, फराह," प्राची म्हणाली. "मस्करीत बोलला तो."

"नाय."

"मग दुसरी वाट काढ," मी चिडलो. "गोष्ट तुझीच हाय ना? दोन वर्षं ह्याच्या एका डायलॉगवर बुडवणार?"

फराहचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "मला काय गोड वाटतंय का रं? पण आज खोडलं तर मागचं सगळं खोटं. प्राचीच्या भाकऱ्यासुद्धा."

प्राचीने फाशावरचा हात मागे घेतला. "मी दगड काढत नाय. जाऊ दे, राहू दे गोष्ट अर्धी."

चार वाजून गेले. फराहने पेनाला टोपण लावलं आणि वही उघडी ठेवून बसून राहिली. तिने प्राचीला गळ घातली नाही, मलाही नाही. तिसरी गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत बुडत होती आणि ती जागची हलत नव्हती. इतकी हट्टी बाई मी दुसरी बघितलेली नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

मुनाफने गॉगल काढून टेबलावर ठेवला. मग तो बोलला, कोणाच्याही आवाजात नाही, त्याच्याच. गिऱ्हाइकाला इंजिन गेलंय असं सांगताना काढतो तो साधा आवाज.

"काढ गं प्राची. मी धरून हाय."

कोणी हसलं नाही. प्राचीने फासा टाकला. सतरा. दगड निघाला.

फराह हळूहळू सांगत गेली. पाणी गजाच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. दार पडलं नाही. दिवेलागणीला गावच्या कोरड्या तळ्यात पाणी आलं, आणि बायका हंडे घेऊन धावल्या. मी नाक पुसलं. कबूल करतो.

तिने सगळं लिहून काढलं. खाली, कचेरीच्या कागदावर असतं तसं, "वरील सर्व मजकूर खरा आहे," असं लिहिलं आणि सह्यांसाठी वही फिरवली. मी सही केली, प्राचीने केली. मुनाफ पेन हातात धरून थांबला.

"आपा, गजा मेला ते लिहायचं राहिलं."

फराहने पान मागे उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "कोण बोललं मेला? पाणी आल्याशिवाय हलणार नाय, एवढंच बोललास तू. पाणी आलं. आता त्याला हलता येतं. पुढं काय करायचं ते त्यानं बोलायचं."

मुनाफने पेनाला टोपण लावलं आणि ते तिच्यापुढे ठेवलं.

"घरी येतो," तो म्हणाला. "गजा घरी येतो."

फराहने टोपण काढलं, त्याच्या सहीच्या जागेच्या वर ती ओळ लिहिली, आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

"लिहिलं," ती म्हणाली. "आता खाडाखोड नाय."